एस्तर मिस आणि वसतिगृहाचं पान

एस्तर मिस लिहिलेलं कधी परस्पर छापायला देत नसत. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांना बोलावून, समोर बसवून, मोठ्यानं वाचून दाखवत. "माघारी बोलणं ही चहाडी, तोंडावर वाचणं हा इतिहास," असं त्यांचं म्हणणं.

चेन्नईतल्या त्या छोट्या ख्रिस्ती कॉलेजात मी ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. सुवर्णमहोत्सवाची सगळी कामं माझ्या यादीत होती: मांडव, पाहुणे, जेवण आणि मिस निवृत्तीनंतर लिहीत होत्या तो कॉलेजचा इतिहास. मी छापखान्याची घाई केली की त्या म्हणत, "अम्मा, मांडव दोन दिवस उभा राहतो. खोटं पान पन्नास वर्षं उभं राहतं."

अडलं ते वसतिगृहाच्या पानावर. सुरुवातीच्या वर्षांत मुलींना जातीवरून दोन पंगतींत जेवायला बसवत, असं मिसनी सरळ लिहिलं होतं. संस्थेचा कारभार बघणारे आमचे वयस्कर पाद्री अस्वस्थ झाले.

"मिस, बिशप येणार आहेत. सणाच्या दिवशी हे कशाला? दुसऱ्या पंगतीतल्या बायकांनाही लाज वाटेल."

"त्यांना कशाला, अय्या? पहिल्या पंगतीत मी होते. हे पान काढून टाकलं तर पुस्तकावर माझं नाव नको."

"मग त्यांनाच विचारू."

मिसनी चेन्नईजवळच्या आवडी गावाहून मेरी टीचरना बोलावलं. वसतिगृहात दोघी एकाच वर्षी आलेल्या. मेरी टीचर पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मिसनी त्यांच्यासमोर पान वाचलं, आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

"चुकलंय," मेरी टीचर म्हणाल्या.

पाद्री सावरून बसले.

"दोन पंगती कुठल्या, एस्तर? जागा एकच. तुम्ही उठलात की तिथंच आम्ही बसायचो. सांबार तळाचं, गार झालेलं. तेही लिही."

मिसनी ओळ खोडली, नवी लिहिली आणि तीही वाचून दाखवली. पाद्री माझ्याकडे वळून म्हणाले, "पाठवा छापायला."

पान रवाना करून मी मेसमध्ये गेले. मेरी टीचर जेवत होत्या, मिस वाढत होत्या.

"बस की माझ्याबरोबर."

"आधी तू."

"मग भात तरी नीट वाढ. हात अजून तसाच आखडता."

मिसनी आणखी भात घातला, वर वाफाळतं सांबार. मेरी टीचर हात धुवायला उठल्या, तेव्हा मिस त्याच जागी जेवायला बसल्या.