मुंगीने सुचवलेली दुरुस्ती

गावाच्या दप्तरखान्यात जुन्या नोंदी शोधून देणारी जी बाई आहे, तिला सगळे मुंगी म्हणतात. केस पांढरे झाले तरी मुंगीच. लहानपणी ती हळूहळू, पण न थांबता काम करायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. कुणी कागद मागायला आलं की ती आधी जन्मसाल विचारते. लोकांना वाटतं, सरकारी रीत असेल. रीत तिची स्वतःची आहे, आणि पंधराव्या वर्षी लागलेली आहे.

तेव्हा त्यांचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आई शर्टांची काजं-बटणं करायची आणि खिडकीशी आजोबा बसायचे. आजोबा निवृत्त पोस्टमन. पाय थकले होते, तोंड नव्हतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी देशासाठी जी लढाई झाली, तिच्यात त्यांचे आजोबा लढले, हे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवलेलं. त्या आजोबांना यांनी कधी पाहिलंही नव्हतं, पण सांगायचे असं की जणू बंदूक यांनीच भरून दिली.

लढलेल्यांच्या वंशजांचं गावात एक मंडळ होतं. मंडळाच्या यादीत आजोबांना आपल्या आजोबांचं नाव सापडलं. लगेच अर्ज गेला, आजोबा सभासद झाले आणि बारा वर्षांची मुंगी कुमार शाखेत गेली. चिटणीसबाईंनी एक छापील कागद दिला, 'कुमार सभासदत्वाचे फायदे'. त्यात सहल होती, बिल्ला होता, मोठ्या लोकांच्या ओळखी होत्या.

आई म्हणाली, "घरात दिवसभर तोंड उघडत नाही ही. तिथे जाऊन काय करणार?"

"बसेल गप्प. पण रक्त आहे ना आपल्यात!"

"गप्प बसायला रक्त कशाला लागतं, बाबा?"

फायदे झाले, पण कागदावरचे नाहीत. बिल्ल्याची टाचणी महिन्यात तुटली. सहलीत मुंगीला बस लागली आणि मोठ्या लोकांशी ओळख झाली ती त्यांच्या बुटांवर उलटी करून. पण चिटणीसबाईंनी बाकी बरंच शिकवलं. स्मारकाचा दगड तारेच्या ब्रशने घासायचा नाही, नुसत्या पाण्याने हळू धुवायचा. जुन्या वहीचं पान बोट ओलं न करता उलटायचं. आणि सभा कशी चालते तेही. आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, म्हणजे तेव्हा काय ठरलं ते. मग अध्यक्ष विचारणार, "काही दुरुस्ती?" मग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "नाही!" प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणायचे, कारण चहा यायची वेळ झालेली असायची.

पहिल्यांदा इतिवृत्त मुंगीने इतक्या हळू वाचलं की मागच्या रांगेला नुसतं पान उलटल्याचं ऐकू गेलं. तिसऱ्या वर्षापर्यंत मात्र ती न अडखळता वाचू लागली. मग ठरलं की कुमार शाखेची प्रमुख मुंगीच. 'अमुक वीराची वंशज' असं लिहून ठराव झाला. वार्षिक सभेत सर्वांसमोर तिला रेशमी पट्टा घालायचा होता. आजोबांनी कोट धोब्याकडे टाकला.

सभेला चार दिवस होते. मुंगी बाईंबरोबर गावच्या कचेरीत जुन्या जन्मनोंदींची नक्कल करत होती. एका पानावर तिचा हात थांबला. खापरपणजोबांचं नाव, त्यांचे वडील, वडिलांचा धंदा सुतारकाम, सगळं जुळत होतं. साल मात्र असं, की लढाईच्या वेळी खापरपणजोबा सहा वर्षांचे. बरीच पानं मागे त्याच नावाचा आणखी एक जण होता, नदीकडच्या गल्लीतला. मंडळाच्या यादीतला पत्ताही नदीकडचाच. पुढे शेऱ्यात लिहिलं होतं, तो चोविसाव्या वर्षी लढाईत मेला. लग्न झालेलं नव्हतं.

बाईंनी दोन्ही पानं पाहिली आणि चष्मा पुसला. पुसलेलाच चष्मा परत पुसला. तुमचा अर्ज मीच तपासला होता, असं हळूच म्हणाल्या.

"सभा रविवारी आहे गं. आपण हे सोमवारी बघू."

"सोमवारी मी प्रमुख असेन."

"तेच म्हणतेय मी."

मुंगीने घरी येऊन सांगितलं. आईने दाताने दोरा तोडला. "सहा वर्षांचे? मग लढाईत काय गोट्या खेळायला गेले होते?"

"मंडळाचा कागद आहे माझ्याकडे," आजोबा म्हणाले. "शिक्का आहे त्यावर!"

"शिक्का खरा आहे, आजोबा. माणूस दुसरा आहे."

आजोबांनी खिडकी लोटून घेतली. "चाळीस वर्षं सांगतोय मी लोकांना. आता रस्त्याने जाऊ कसा? तू बोलायचं नाहीस. माझ्यासाठी."

तीन दिवस मुंगीला घास गोड लागला नाही. पट्टा तिला हवा होता, खोटं कशाला बोला. आजोबाही हवे होते. पण तो नदीकडचा मुलगा डोक्यातून जाईना. त्याच्यामागे कुणी नाही, आणि एवढं एक नाव होतं तेही आपण उचलून घरी आणलं.

रविवारी आजोबा कोट घालून तिसऱ्या रांगेत बसले. इतिवृत्त वाचून झालं, त्यात तो वंशजाचा ठरावही होता. "काही दुरुस्ती?" "नाही!" अध्यक्षांनी पान उलटलंसुद्धा. मुंगीचा हात वर होता, तो कुणाला दिसला नाही. मग ती उभीच राहिली.

"दुरुस्ती आहे. मी त्या वीराची वंशज नाही." तिने दोन्ही जन्मसालं सांगितली, दोन्ही पत्ते सांगितले. "त्याचं लग्न झालं नव्हतं. आमचे खापरपणजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते."

मग बाई उठल्या. "अर्ज मी तपासला होता. चूक माझी आहे. हेही लिहून घ्या."

नियम म्हणजे नियम. सभासदत्व गेलं, मुंगीचंही आणि आजोबांचंही. पट्टा दुसऱ्या मुलीला घातला, तिच्या तो गुडघ्यापर्यंत आला. मुंगीने मागे पाहिलं तर आजोबांची खुर्ची रिकामी.

दोन आठवडे आजोबा तिच्याशी बोलले नाहीत. मुंगी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी असली तरी आईला सांगायचे, "तिला म्हणावं, पाणी दे."

आई म्हणायची, "मुंगे, पाणी दे म्हणतायत. दिलंयस? बरं."

मग एका दुपारी त्यांनी एकदम विचारलं, "मग करायचा काय तो?"

"कोण?"

"माझा आजोबा. लढला नाही, तर जन्मभर केलं काय त्याने?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणे! तीन वर्षं शिकलीस ना? शोध."

सभासद नसतानाही बाईंनी तिला कचेरीत नेलं. आपली जुनी चूक त्यांनाही टोचत असावी. तीन महिने लागले. शेवटी कचेरीच्या जुन्या नोकरांच्या यादीत नाव मिळालं. जन्मसाल जुळलं, वडील जुळले, गल्ली जुळली. सुताराच्या त्या मुलाने एकतीस वर्षं कचेरीच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी दिली होती. रोज शहाण्णव पायऱ्या चढून.

आजोबांनी ते तीनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी कोट चढवून दाढी करायला गेले, मुंगीला बरोबर घेऊन.

"अख्खं गाव आमच्या आजोबांच्या वेळेवर चालायचं," खुर्चीत बसता बसता त्यांनी सुरू केलं.

न्हाव्याने साबण फेसला. "ते घड्याळ? काका, ते तर कायम दहा मिनिटं मागे असतं!"

"ते आत्ता. त्यांच्या हातात होतं तेव्हा मिनिटाची चूक नव्हती."

कचेरीत ती यादी होती त्याच कपाटात मुंगीला दोन तक्रारअर्ज सापडले होते, घड्याळ मागे पडतं म्हणून. साल त्या एकतीस वर्षांतलंच होतं. आजोबांचे गाल फेसाने भरलेले होते आणि ते आरशात स्वतःकडे मोठ्या कौतुकाने बघत होते. मुंगी बाकावर गप्प बसून राहिली.