बादलच्या पोटाची पावडर

माझी शेवटची पोस्टिंग नियंत्रण रेषेजवळच्या एका डॉग युनिटमध्ये होती. मी हवालदार, डॉग हँडलर. माझा कुत्रा बादल, काळा लॅब्रॅडॉर, स्फोटकं हुडकणारा. सकाळी पीटी, ग्रूमिंग, मग रोड ओपनिंग. गाड्यांचा ताफा निघण्याआधी रस्त्यावर आम्ही दोघं पुढे, सेक्शनचे जवान मागे. बादल चालता चालता खाली बसला की सगळ्यांनी जागेवर थांबायचं. रस्त्याखालच्या एका मोरीपाशी तो असाच बसला. मोरीत पेरलेला आयईडी बॉम्ब निघाला. त्या दिवशी मागच्या गाड्यांत असलेले जवान आज आपापल्या मुलांची लग्नं करताहेत.

बादलचं नाक पक्कं, पण पोट कच्चं. जागा बदलली, पाणी बदललं की त्याला जुलाब लागायचे. पोट बिघडलेल्या कुत्र्याचं ध्यान वासावर राहत नाही, आणि आमच्या कामात त्याची किंमत माणसांनी मोजायची असते. शेवटी आमच्या व्हेटर्नरी कॅप्टनसाहेबांनी औषधांचा मारा थांबवून एक प्रोबायोटिक पावडर सुरू केली.

"हवालदार, यात चांगले जंतू आहेत. जिवंत. गरम भातात घातलेत तर मरतील."

"मग, साब?"

"भात निवू द्या. मग घाला. थोडं दही. रोज, न चुकता."

थोड्याच दिवसांत बादलची शी बांधून व्हायला लागली. तो पुन्हा पट्टा ओढू लागला. नंतर ड्यूटीवर एकदाही त्याच्या पोटानं दगा दिला नाही.

आम्ही दोघं एकाच सुमारास निवृत्त झालो. रीतसर अर्ज करून मी त्याला कराडजवळच्या माझ्या गावी आणलं. ऊस तुटून गेलेल्या माझ्या रानात बिरू नावाचा मेंढपाळ दरसाल आटपाडीकडनं येतो. त्याची मेंढरं रानात बसतात, रानाला खत होतं. त्याची वाघी नावाची कुत्री होती. लांडग्याला एकटी भिडलेली. बादलसारख्या शिस्तीच्या कुत्र्याला तिनं पहिल्याच दिवशी फटकारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं एकाच सावलीत पडू लागली.

बादलची पावडर संपली म्हणून मी सांगलीच्या एका दुकानातून नवा डबा आणला. दुकानदाराचं नाव लिहीत नाही. त्यानं मला खुर्ची दिली, चहा पाजला.

"या फौजी! तुमच्यासाठी थेट कंपनीचा माल."

डबा तोच, लेबल तेच. वाघीचंही पोट बिघडलं होतं. मी दोघांच्या निवलेल्या भातात ती पावडर घातली. बादल वास घेऊन मागे सरला.

"खा," मी म्हणालो.

हुकूम होता. त्यानं खाल्लं.

पुढच्या काही दिवसांत दोघांनी अन्न सोडलं. उलट्या, मग रक्त. मी बादलला गाडीत घालून मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या.

"लिव्हर गेलंय. खायला काय देता?"

मी डबा पुढे केला. त्यांनी पावडर तळहातावर घेऊन हुंगली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे औषध नाही. मक्याचं पीठ वाटतंय, बुरशी आलेलं. मी तपासायला पाठवते."

बादल सलाईन चालू असतानाच गेला. त्याचं डोकं माझ्या हातावर होतं. तेवढ्यात बिरूचा फोन आला.

"हवालदार, वाघी गेली वं."

"बादलबी गेला," मी म्हणालो.

रिपोर्ट मॅडम म्हणाल्या तसाच आला: मक्याच्या पिठात लिव्हर खाणारं बुरशीचं विष. मला रडू आलं नाही. मोरीत आयईडी ठेवणारा माझा शत्रू होता, तो लपून आला होता. यानं मला फौजी म्हणून चहा पाजला होता. मला तो माणूस हवा होता.

मी रेकी केली. दुकानासमोरच्या टपरीवर बसू लागलो. भंगारवाला रिकामे डबे आणून द्यायचा. ते टेम्पोत भरून मिरजेबाहेरच्या एका गोडाऊनला जायचे. मी औषध खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांत रिपोर्टसह तक्रार दिली. छाप्याचा दिवस ठरला. त्यांच्या आधी माल हलू नये म्हणून मी आणि बिरू भर दुपारी तिथं पोचलो. बिरू मागच्या बाजूला गेला, आम्ही मोबाइलवर कॉल चालू ठेवला.

"बिरू, मागचं दार?"

"बंद हाय. मी हितंच हाय."

"कोण बाहेर आलं तर?"

"येत न्हाई. काठी हाय."

मी पुढच्या दारानं आत गेलो. दुकानदार स्वतः पोत्यापाशी बसून डबे भरत होता. मला बघून उठला आणि मागच्या दाराकडे धावला. दार उघडलं तर समोर काठी घेऊन बिरू. परत फिरला. मी त्याची कॉलर धरली, पोत्यात हात घातला आणि मूठ त्याच्या तोंडापुढे नेली.

"खा."

"फौजी, चूक झाली, आवं ऐका..."

"खा!"

त्याचे ओठ पांढरे झाले, पिठानं आणि भीतीनंही. पीठ त्याच्या दातांत गेलं होतं. तो थुंकत होता, मी सोडत नव्हतो. बिरूनं आत येऊन माझं मनगट धरलं.

"हवालदार, सोडा त्येला. मेला तर सुटंल त्यो."

मी सोडलं. दया आली म्हणून नाही. बिरूचं म्हणणं पटलं म्हणून.

पोलीस आले, गोडाऊनला सील लागलं. दुकान बंद पडलं. केस चालू आहे. मध्यंतरी दुकानदाराचा भाऊ घरी आला. केस मागे घ्या, पोरंबाळं आहेत, म्हणाला, कुत्र्यासाठी माणसाचं घर उठवताय. बायकोनं त्याला पाणी दिलं. मी नकार दिला. त्या पोरांचं मला वाईट वाटतं. तरी नकारच.

लोक विचारतात, एवढा राग बरा का? बरा-वाईट माहीत नाही. प्रत्येक तारखेला मी मेडल लावून सांगलीच्या कोर्टात हजर असतो, पहिल्या बाकावर. दुकानदार माझ्याकडे बघत नाही. मी त्याच्याकडेच बघतो.

बादल आणि वाघी माझ्या बांधावर शेजारी शेजारी पुरली आहेत. बिरू आला की दोघांवर भंडारा उधळतो. मी कोर्टात निघण्याआधी तिथं सावधान उभा राहतो आणि बादलला एवढंच सांगतो, ड्यूटी अजून चालू आहे.