रंजनाचा नकार

हे मी नवऱ्यालेही नाई सांगितलं कधी. तुम्हाले सांगून राह्यली — काहून, ते मलेही समजत नाई.

मी आमच्या गावची आशा सेविका. घरोघरी फिरा, पान्याच्या टाक्या कोरड्या करा म्हना, ताप आलेल्या लेकराईची नावं लिहा — धा वर्षं झाले. ताई आहे म्हनून गाव आहे, म्हनतात लोक. ऐकलं का तोंड फिरवावं वाटते.

शाळेत मेंदूज्वराची लस होती. डासापासून होते तो, लेकराईलेच धरते. माह्या यादीतली सारी झाली, एक सोडून — रंजनाची पायल. कुपी एकदा फोडली का पाच डोस निघतात, उरलेले वाया. नियम त म्हनते, एका लेकरासाठीही फोडा. पन वाया गेले का उत्तर कोन देते? नर्सबाईनं डबा बांधला. आन् तेव्हाच रंजना आली — वावरातून धावत, ओटीत वेचलेला कापूस तसाच, पोरीले वढत.

मी म्हटलं, "आता कुठी आली व? पुढच्या आठवड्यात ये."

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या गावाले होतो. हे मले तेव्हाच माहीत होतं. आन् यादीत "परत पाठवली" असं कोनी लिहिते काय? मी लिहिलं — पालकांचा नकार. वरच्या मॅडमनं विचारलं, त म्हटलं, लय समजावलं, आयकतच नाई ते बाई.

पुढच्या पावसाळ्यात पायलले ताप आला, झटके आले. यवतमाळले नेलं. वाचली. पन आता चालत नाई, बोलत नाई, मायले ओळखते का नाई कोन जाने. तिथल्या डॉक्टरनं लशीचा कागद पाहून रंजनाले झापलं — लस काहून नाकारली बाई? तिनं माह्याकडं पाहिलं. मी पिशवीत काहीतरी धुंडाळत बसली.

लाज वाटली, मरनाची वाटली. तरी बोलली नाई. नोकरी जाईन म्हनून? गाव थुकन म्हनून? — जाऊ द्या, भेली होती, एवढंच.

रंजनाले वाचता येत नाई. कागदात आहे म्हनजे आपनच म्हटलं असन, असं तिनं हळूहळू धरून घेतलं. यंदा लशीच्या दिवशी मॅडमनं तिलेच शाळेत बसवलं. पायलले मांडीवर घेऊन ते बायाईले सांगत होती, "नाई म्हनू नोका व माय. मी म्हटलं होतं."

बायाईनं माह्याकडं पाहिलं. मी मान हालवली — हाव म्हनून.