चिखलाचा हिस्सा

कमळाबाई केणे वाघखारच्या ग्रामपंचायतीत मेंबर झाली ती काही स्वतःच्या हौसेनं नाही. वॉर्डाची जागा बायकांसाठी सुटली आणि तिचा नवरा काळुराम, ज्यानं आधीपासूनच पांढरे शर्ट शिवून ठेवलेले, त्याचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानं तोड काढली. उभी बायको राहील, मेंबरकी आपण करू. आजूबाजूच्या गावांत हेच चालतं, बॅनरवर बाई आणि खुर्चीवर बुवा. कमळाबाईनं घरोघरी हात जोडले, निवडून आली आणि पहिल्या मिटिंगच्या सकाळी काळुराम अत्तर लावत होता तेव्हा ही पदर खोचून निघालीसुद्धा.

"तू कुठं चाललीस?" त्यानं विचारलं.

"मिटिंगला. मत लोकांनी मना दिलंय ना?"

बिचारा काळुराम. तेव्हापासून पांढरे शर्ट घालून तो किराणा आणायला जातो.

वाघखार म्हणजे डोंबिवलीहून रिक्षानं अर्ध्या तासावरचं, खाडीच्या अंगाला टेकलेलं आगऱ्यांचं गाव. एकेकाळी भात आणि मीठ पिकवायचं, आता चाळी आणि भाडेकरू पिकवतं. कमळाबाईचं माहेरही याच गावात, सासरपासून दोन आळ्या सोडून. इथली हळद म्हणजे लग्नाच्या वरताण. अख्खा गाव जेवतो, रात्रभर बँजो वाजतो आणि सकाळी थर्माकोलच्या ताटांचा टेम्पो भरून खाडीत रिकामा होतो. म्हणजे व्हायचा. मेंबर झाल्यावर कमळाबाई प्रत्येक हळदीला जायची, मटणावर ताव मारायची, बँजोवर नाचायची आणि मग हात धुवायच्या जागी गोणी घेऊन उभी राहायची. ताट गोणीत टाकल्याशिवाय कुणाची सुटका नाही, नवरदेवाच्या मामाचीही नाही. पोरं तिला 'गोणीवाली मेंबर' म्हणायला लागली. ती म्हणायची, "गोणीवाली तर गोणीवाली. तू आधी ताट टाक." पुढं बचत गटाच्या बायकांनी स्टीलची ताटं घेतली, ती भाड्यानं जायला लागली आणि टेम्पोचा धंदा बसला.

आता तुम्ही म्हणाल, बाई पर्यावरणवाली दिसते. छे हो. पर्यावरण हा शब्द तिनं पंचायतीच्या शिबिरात ऐकला आणि तिला तो कुणाचं तरी आडनाव वाटला. तिला ठाऊक होती ती उघाडी.

गाव आणि खाडी यांच्यामध्ये सखल चिखलाची जमीन आहे, तिला खाजण म्हणतात. खाजणाच्या कडेला मातीचा बांध आणि त्या बांधात एक लाकडी दार, तीच उघाडी. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या जोरानं दार आपसूक मिटतं. ओहोटी लागली की आत तुंबलेलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. सगळं गाव पावसाळ्यात या एका दारातून रिकामं होतं. कमळाबाईचा बाप धाकू हयात असेपर्यंत ही उघाडी राखायचा, कारण ती त्याच्याच खाजणात होती. पावसाच्या तोंडावर घरटी एक माणूस बांधावर चिखल घालायला यायचा. जो यायचा नाही, त्याच्या घरच्या हळदीला गाव जायचा नाही. एवढी कडक शिक्षा म्हटल्यावर कोण चुकेल?

मग भात बंद झालं. भात नाही तर बांध कशाला, असं गावानं धरलं आणि बांधावर जायचं सोडलं. गाव इथंच चुकलं. भात पिकवणं आपल्या हातात होतं, पाऊस पाडणं नव्हतं. एका जुलैत उघाडी प्लास्टिकनं तुंबली आणि सगळ्यात खालच्या अंगाला असलेल्या बौद्धवाड्यात मांडीएवढं पाणी शिरलं. रमाबाईच्या घरातला गॅसचा सिलिंडर तरंगत दारात आला. तेव्हापासून कमळाबाई, रमाबाई आणि आणखी चारपाच जणी दर मे महिन्यात चिखलात उतरून उघाडी साफ करतात. कमळाबाईनं पंचायतीकडून नवं सागवानी दार बसवून घेतलं, तेसुद्धा भांडून.

आणि गेल्या दिवाळीनंतर तिचा धाकटा भाऊ गुरुदत्त कागद घेऊन आला.

कागद म्हणजे हक्कसोड. बापाच्या जमिनीवर बहिणीचाही हक्क असतो हे कायद्याला माहीत आहे, गावालाही माहीत आहे, पण चांगली बहीण भावाला सही देऊन मोकळी होते. त्या बदल्यात तिचं माहेर शाबूत राहतं. सही न देणाऱ्या बहिणींची नावं आगरी घरांत दबक्या आवाजात घेतली जातात. कमळाबाई तर पहिल्यापासून म्हणायची, "माझ्या भावाच्या ताटातलं मना काही नको." आईमागं तिनंच गुरूला वाढवलेला. त्याच्या बारशाला तिनं झालरीची टोपी शिवलेली, ती अजून तिच्या कपाटात आहे.

"गोडाऊनवाले आलेत बाय," गुरुदत्त म्हणाला. बाय म्हणजे थोरली बहीण. "खाजणाची जमीन मागतात. मातीची भरणी तेच करणार. आपण नुसती सही करायची."

"सगळं खाजण?"

"सगळं. नायतर त्यांना रस्ता कुठून भेटल?"

"आणि उघाडी?"

गुरुदत्त हसला. "उघाडीचं काय घेऊन बसलीस? ते मोठा पाइप टाकतील."

कमळाबाईनं पाइप पाहिले होते. शेजारच्या गावात टाकलेला पाइप पहिल्याच पावसात भरणीच्या मातीनं बुजला आणि शाळेला आठवडाभर सुट्टी मिळाली. पण भाऊ समोर बसलेला. त्याचंही काही चूक नव्हतं बघा. दोन खोल्यांचं घर, त्यात लग्नाला आलेला मुलगा, आणि मुलीवाले पहिला प्रश्न विचारतात तो ब्लॉकचा, म्हणजे बिल्डिंगमधल्या फ्लॅटचा. कंपनी बंद पडल्यापासून गुरुदत्त इकडंतिकडं कामं करत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला शेठ म्हणालं होतं.

"हायवेची जमीन घे, घर घे, माळ घे. सगळ्यावर सही देते," ती म्हणाली. "खाजणावर नाय देणार."

"कोणी शिकवलं तुला हे?"

"बाबानं."

गुरुदत्त चहा न पिता उठला.

चार दिवसांत गावभर झालं, मेंबरबाईला हिस्सा पाहिजे. पर्यावरण हे नुसतं दाखवायला, खरा भाव वाढवून घ्यायचाय. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी तिच्या गोणीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आता गोणी नोटांची.' काळुरामसुद्धा एका संध्याकाळी हळूच म्हणाला, "खरं सांग, किती मागणार आहेस?" तिला त्या ग्रुपचं काही वाटलं नाही, पण नवऱ्याचं फार लागलं. पस्तीस वर्षं संसार केला आणि या माणसाला आपण एवढ्याच कळलो?

ग्रामसभेत उपसरपंच उभा राहिला. त्याचा भाचा डंपरच्या धंद्यात, तेव्हा त्याची कळकळ समजण्यासारखी होती. "मेंबरबाईंनी आधी घरचा वाटा मिटवावा, मग गावाला पाण्याचं शिकवावं," तो म्हणाला. लोक हसले. मागच्या खुर्चीवरून रमाबाई उठली आणि तिनं एवढंच विचारलं, "हसणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात पाणी शिरलेलं, हात वर करा." हात वर झाले ते सगळे बौद्धवाड्यातले, आणि ते हसले नव्हते. तरीपण ग्रामसभा उठली तेव्हा लोकांच्या मनात हिस्साच होता.

कमळाबाई रात्रभर जागी राहिली असेल, नसेल. सकाळी तिनं वकील गाठला, दुपारी भावाला फोन केला आणि आठवड्याभरात दोघं कल्याणच्या रजिस्टर ऑफिसच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले, मध्ये एक पिशवी ठेवण्याएवढी जागा सोडून. तिनं हायवेची जमीन सोडली, जिला सोन्याचा भाव आहे. माळ सोडला. राहतं घर सोडलं. खाजणातला हक्क तेवढा ठेवला, जिथं गुडघाभर चिखल आणि त्यातले निवटे मासे यांच्याशिवाय काही पिकत नाही. वकिलानं तिला दोनदा विचारलं, बाई, तुम्ही उलटं तर सांगत नाही ना?

गावाची बोलती बंद झाली असं समजू नका. गाव कुठलं बंद होतंय. आधी म्हणायचे लोभी आहे, आता म्हणायला लागले डोकं फिरलंय. पण हिस्स्याचं कुणी बोलेना. काळुरामनं तीन दिवस तिच्याकडं नीट पाहिलं नाही आणि मे लागताच पांढरा शर्ट काढून बनियनवर तिच्याबरोबर उघाडीतला गाळ काढायला उतरला. दोन वेळा पडला. तिला हसू आवरेना, आणि तो पण हसला.

गोडाऊनवाल्यांना मात्र सलग जमीन पाहिजे होती. ती मिळेना तेव्हा ते दुसऱ्या गावाला गेले. गुरुदत्तचं शेठपण गेलं. हायवेची जमीन होती, पण तिच्यावर चुलत्यांचे दावे, ती विकायला किती वर्षं लागतील देव जाणे. मुलाचं जमत आलेलं लग्न ब्लॉकपायी मोडलं. त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं. पावसाळा आला, उधाणं आली, पाणी चढलं आणि ओहोटीला उघाडीतून निघून गेलं. बौद्धवाड्यात चुली पेटत्या राहिल्या. यासाठी कुणी कमळाबाईला हार घातला नाही. न आलेल्या पुराचं श्रेय कोण देणार? राखीपौर्णिमेला ती भावाच्या घरी गेली तर कुलूप होतं. सगळे मुद्दाम बाहेर गेलेले. राखी तिनं कडीला अडकवली आणि परत आली. त्या दिवशी ती घरी येऊन रडली, चांगली हमसून रडली, आणि काळुरामला म्हणाली, "मी चुकले असेन तर सांग."

मग आली भाऊबीज.

दुपारपर्यंत तिनं वाट पाहिली. शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ नसला का चंद्राला ओवाळतात गो. तू पण ओवाळ." तिचं सांगणं मायेचंच होतं. पण कमळाबाई फणकारली. "दोन आळ्यांवर भाऊ जिता आहे माझा. चंद्राला कशाला ओवाळू?"

तिनं ताट उचललं. निरांजन, सुपारी, अक्षता, करंज्या. पदरानं वारा अडवत ती भर उन्हात गावातून निघाली. लोक ओट्यांवर होते, त्यांनी पाहिलं. उपसरपंचानं पण पाहिलं. पुन्हा कुलूप असलं तर तिसऱ्यांदा इथं यायचं बळ आपल्यात नाही, हे तिला कळत होतं.

कुलूप नव्हतं. गुरुदत्तची बायको रसिका दारात भांडी घासत होती. तिनं नणंदेला पाहिलं, हात धुतले आणि आत जाऊन पाट मांडला. गुरुदत्त टीव्हीसमोर बसलेला. बराच वेळ उठला नाही. कमळाबाई ताट घेऊन तशीच उभी. शेवटी रसिकानं टीव्ही बंद केला, तेव्हा तो आला आणि मान खाली घालून पाटावर बसला. डोक्यावर रुमाल घेतला. वर्षभरात त्याचे केस बरेच पिकलेले, ते तिला आता दिसले.

तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी टाकली आणि उठायच्या ऐवजी तसाच बसून राहिला.

"अजून एक माणूस विचारतोय," तो खालीच बघत म्हणाला. "खाजणाचं. सही नाय ना करणार तू?"

तिला वाटलं, हो म्हणावं. एका शब्दात माहेर परत मिळत होतं, आणि तो शब्द अगदी जिभेवर आलेला.

"नाय रे गुरू," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. रागानं की कशानं, तिला समजेना. मग तो उठला, रुमाल खुंटीला लावला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून बायकोला म्हणाला,

"बायला पान वाढ. उपाशी आली असंल ती."