तिसऱ्या जागेवरचा रुमाल

परवा गेलेल्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या पेटीत तिचा हिरवा रुमाल निघाला आणि एस.टी.तला डिझेलचा वास आठवला. एकदा धुळ्याला बाजार आणि सिनेमा करायचा म्हणून जागा धरायला तो मी खिडकीतून सीटवर टाकला होता. एका धोतरवाल्याने तो खाली फेकला, ‘‘रुमाल टाकीसन जागा भेटस का?’’ म्हणत बसला आणि दम्याची अक्का धुळ्यापर्यंत उभी राहिली. सिनेमाभर मला तिची धापच ऐकू येत होती. परतीच्या गाडीत तोच माणूस पिशव्या घेऊन सगळ्यांत शेवटी चढला. आमच्या बाकावरची तिसरी जागा तेवढी रिकामी होती. मी तिथे रुमाल पसरला. ‘‘आठे कोन शे?’’ त्याने त्या जागेकडे बोट दाखवून विचारलं. ‘‘माणूस येस, नाना,’’ कुणी येणार नसताना मी सांगितलं. अक्का मला चिमटे काढत कुजबुजली, ‘‘बसू दे रे त्याले.’’ तो गावापर्यंत उभाच आला. आज अक्का नाही. त्याला मी अजूनही बसू दिलेलं नाही.