ऋषिपंचमीचा केळ्याचा भात

आमच्या कल्याणच्या घरात सासूबाईंची भातावर जेवढी माया होती, तेवढी मुलांवर असेल असं मला वाटत नाही. मुलं भातानंतर. सकाळी मऊ भात, दुपारी भात, रात्री भात, आणि मध्येच जीव घाबरा झाला तर पेज. अशा बाईला वर्षातून एक दिवस शीतही तोंडात घालता येत नसे, तो ऋषिपंचमीचा. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही. नांगराखालचं धान्य नाही, बैलघाण्याचं तेल नाही, गूळसुद्धा नाही. परसात कुदळीनं खणून, हातानं लावून जे उगवेल तेवढंच पोटात जायचं.

मी थोरली सून. लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्या दिवसाची ऋषीची भाजी माझ्याकडे. अळूची पानं, त्याचे देठ, माठ, सुरण, भेंडी, पडवळ, सगळं एका पातेल्यात घालून वर ओलं खोबरं. सासूबाई खायच्या, पण कशा! आधी पानाच्या मधोमध बघायच्या, जिथं एरवी मूद असते तिथं. मग एक सुस्कारा. "छान झाल्ये हो. पण जेवल्यासारखं नाही वाटत."

माझी त्याला हरकत नव्हती. सुस्कारा भाताच्या आठवणीचा होता, माझ्या भाजीचा नव्हता. हरकत सुरू झाली ती धाकटी जाऊ घरात आल्यावर. ती वसईकडची. दिसायला माझ्याहून उजवी, हे मी तेव्हाही नाकारलं नसतं. कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब. तिनं चिरलेली भेंडी एका मापाची. तिनं घातलेली रांगोळी पुसायला कुणी धजायचं नाही. आणि सासूबाई तिला हाक मारायच्या तेव्हा आवाजात साय असायची. मला मारायच्या तेव्हा ताक.

त्या वर्षी सासूबाईंचे हात थरथरायला लागले होते. पळी धरवेना. गौरी दोन दिवसांवर आलेल्या, आणि सोवळ्याची चूल आजवर त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती. पंचमीच्या सकाळी त्यांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"आज जिच्या हातचं खाऊन मला जेवल्यासारखं वाटेल, गौरींचा नैवेद्य तिच्या हातचा. आणि तिथून पुढे चूलही तिची."

मी मनात पदर खोचला. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली त्या चुलीसमोर बसून धूर मी गिळला होता. ती आत्ता कालची आलेली!

माझं पातेलं चढलं. धाकटी मात्र भाजीकडे वळलीच नाही. तिनं कच्ची केळी सालासकट उकडली, सोलली, आणि विळीच्या खोवणीवर अशा हलक्या हातानं किसली की ताटात पांढरे, सुटे दाणे पडत गेले. ते केळीच्या पानावर पसरून तिनं पुन्हा वाफेला ठेवले. वर सैंधव आणि जरासं खोबरं. मग वाटीनं मूद पाडली.

मूद! मी पाहिली आणि माझ्या भाजीतला अळू घशात जाण्याआधीच खाजायला लागला.

सासूबाई पानावर बसल्या. मधोमध ती पांढरीशुभ्र मूद. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरसुद्धा कधी पाहिलं नव्हतं, निदान माझ्याकडे बघताना. हात मुदीकडे निघाला. आता काही केलं नाही तर चूल गेली.

"काय गं," मी अगदी लाडीगोडीनं धाकटीला विचारलं, "केळी कुठली ही?"

"माहेरच्या परसातली, घागरीनं पाणी घालून वाढवलेली, जाऊबाई. काल दादा घेऊन आला."

"वसईहून कशी आली?"

"ठाण्यापर्यंत होडीनं. तिथून आगगाडीनं."

"आगगाडीला बैल नसतात, बरं आहे. आणि स्टेशनापासून आपल्या दारापर्यंत?"

दाराशी उभी राहिलेली बैलगाडी सगळ्या आळीनं पाहिली होती.

"आई," मी हात जोडले, "बैलांनी ओढलेली केळी आहेत हो. व्रत तुमचं आहे, म्हणून बोलले."

सासूबाईंचा हात हवेत थांबला. ओसरीवर पूजा सांगून झालेले भटजी बसले होते. त्यांना अजून पुढच्या घरी जायचं होतं.

"भटजी, ऐकलंत का?" सासूबाईंनी कातर आवाजात विचारलं. "ओढलेलं चालतं का?"

"पिकवायला बैल राबला असेल तर वर्ज्य," भटजी ओसरीवरूनच ओरडले. "ओढायला राबला तर त्याचं काय! तसं पाहिलं तर मीही गाडीतूनच आलोय. मला टाकणार का?"

मी हिरमुसले. पण भटजींचं बोलणं संपलं नव्हतं, आणि धाकटीचंही.

"मग भटजी," ती खाली मान घालून म्हणाली, किती साळसूद ती मान, "मोटेचं पाणी पिऊन वाढलेली भाजी?"

श्रावणात पावसानं दडी मारली होती. शेजारच्या मळ्यातल्या मोटेचं पाणी पाट काढून मीच आमच्या परसात घेतलं होतं. मोट बैलांची. पाट काढताना कुदळ धरायला हीच माझ्याबरोबर होती!

"पाणी पाजून वाढवलं म्हणजे पिकवण्यातच आलं की," भटजी म्हणाले. "ते काही चालायचं नाही."

सासूबाईंनी माझ्या भाजीची वाटी बोटानं पानाबाहेर सरकवली आणि मूद मोडली. पहिला घास. डोळे मिटलेले. दुसरा. मग त्या चक्क बोटं चाटत म्हणाल्या, "धाकटे, आणखी वाढ गं."

चूल गेली. गौरींचा नैवेद्य गेला. तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण व्रत मलाही होतं. माझी भाजी आता मलाच वर्ज्य, आणि घरात दुसरं खाण्यासारखं काही नव्हतं. मी भिंतीला टेकून ताठ बसले. पोटात आग पडली होती, पण मान खाली घालणार नव्हते.

धाकटीनं माझ्यासमोर पान मांडलं. विचारलं नाही, काही नाही. सासूबाईंची मूद एका वाटीची, माझी दोन वाट्यांची. मी घास घेतला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"हो का, जाऊबाई?"

"आणि जरा चिकट झालाय."

"पुढच्या वर्षी सांभाळीन."

"सांभाळ," मी म्हटलं, आणि पान तिच्यापुढे सरकवलं. "आता आणखी वाढ."