क्रीमची हजेरी

खोका हातात आला की त्या आधी तो उलटा करायच्या. पुढचं चित्र बघायच्याच नाहीत. "पुढे काय, कोणीही नटून उभं राहतं," म्हणायच्या आणि मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ न्यायच्या.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलं आहे. ठाकूरद्वारला आपल्या समोरच्या दारात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. मागच्या सुट्टीत तुमचं सनस्क्रीनही त्यांनी तपासून परत दिलं होतं.

इमारतीतल्या मुली नवी क्रीमं घेऊन त्यांच्याकडे जायच्या. बाईंचा नियम साधा: जे जास्त ते यादीत वर, जे कमी ते खाली. एकीच्या डबीवर चंदनाचं अख्खं खोड छापलेलं होतं. बाईंनी मागे बोट फिरवलं. चंदन अगदी तळाला सापडलं.

"चंदन नुसतं दारातून डोकावून गेलंय गं. आत सगळं पाणी."

"पण काकी, वास किती छान येतो."

"वासाने कातडी मऊ होत नाही."

दोन क्रीमं ताडून बघायची असली की मात्र त्या माझ्याकडे यायच्या. ती लांबलचक इंग्रजी नावं मी न अडखळता वाचते, म्हणून. एक खोका माझ्या हातात, दुसरा त्यांच्या.

"वहिनी, घ्या हजेरी."

मी वाचायची, "पाणी."

"हजर."

"ग्लिसरीन."

"हजर."

नाव सापडलं नाही तर "गैरहजर", तेही वर्गातल्या आवाजात. चहा तिथेच गार व्हायचा.

त्यांच्या स्वतःच्या हातांना भेगा पडत. परदेशातली लेक त्यासाठी एक क्रीम पाठवायची. पार्सल पोचलं का, ट्यूब संपत आली का, हे विचारायला तिचा फोन यायचा. एरवी फारसा नाही. एकदा ती म्हणाली, "आई, तिकडेच अशी मिळते का बघ ना. घटक जुळले की झालं, तूच सगळ्यांना सांगतेस."

दुसऱ्या दिवशी बाई कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून एक ट्यूब घेऊन आल्या. मी लेकीच्या ट्यूबवरची नावं वाचू लागले. पाणी, ग्लिसरीन, युरिया, सगळी हजर, त्याच क्रमाने. बाईंचा आवाज उतरत चालला होता. शेवटी मी वाचलं, "सुगंध."

"गैरहजर," त्या घाईने म्हणाल्या.

"अहो, तेवढ्याने काय बिघडतंय?"

त्या केमिस्टच्या ट्यूबचं टोपण काढत-लावत राहिल्या. "ही जुळली तर ती फोन कशाला करेल, वहिनी?"

मग त्यांनीच लेकीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा. तुमच्या इंग्रजीवर तिचा विश्वास आहे."

मी म्हणाले, "नाही गं जुळत. एक घटक कमी आहे."

"कोणता, काकू?"

बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांच्या भेगा मला खरखरीत लागल्या.

"नाव फार लांबलचक आहे," मी म्हणाले.

"बरं, पाठवते मग. पोचली की आईला फोन करते."

ते पार्सल वाटेत असतानाच बाई एका रात्री झोपेतच गेल्या. लेक आली, दिवस केले, दाराला कुलूप लावून परत गेली. पार्सल त्यानंतर आलं. कुरियरवाल्याने समोर कुलूप बघून माझी बेल वाजवली. मी लेकीला कळवलं. "तुम्हीच लावा, काकू," ती म्हणाली, पण फोन काही लवकर ठेवेना. केमिस्टकडे कोणती क्रीमं मिळतात, आईचे हात शेवटी कसे होते, असं विचारत राहिली.

ट्यूबला वास खरोखर छान आहे.

आज दुपारी चहा केला, चष्मा लावला. खोका आधी उलटा केला आणि मोठ्याने वाचलं, "पाणी."

चहा तिथेच गार झाला.